मशीन चालू असताना

अजीजभाई गादीवाल्यांनी आयुष्यात एकदाच हातातलं काम अर्धवट टाकलं. तेही नगरजवळच्या एका आंब्याच्या बागेत, भर दुपारी, भरल्या कार्यक्रमात.

काम तसं साधं होतं. बागेत गाण्याचा कार्यक्रम होता आणि आलेल्या पोरापोरींना झाडांखाली बसायला गाद्या आणि लोड हवे होते. अजीजभाईंचा कोल्हारला गादी कारखाना होता. कारखाना म्हणजे रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक लांब खोली. पुढच्या बाजूला कापूस पिंजायचं मशीन, मधे जाड पडदा, आणि पडद्यामागे घर. मागच्या थंडीत त्यांची बायको बिबीजान गेली. तेव्हापासून मशीन बंद होतं. कोणी गादी भरायला आलं की अजीजभाई सांगायचे, "सध्या कापूस चांगला येत न्हाई." कापूस चांगला येत होता. पण आधीच्या तयार गाद्या पडून होत्या, त्या ते लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचे. एकट्या माणसाला असं कितीसं लागतं!

बन्सीचा टेम्पो नेहमीचा. बन्सीनं गाद्या उतरवता उतरवता स्टेजकडे मान केली.

"भाई, ह्यो कसला डीजे म्हनायचा? नवरदेव न्हाई, घोडं न्हाई, वरात न्हाई."

"असंल त्यांचं काय तरी. तू लोड मोज."

"पुन्याची कोन रुपालीबाई हाय, ती शेवटाला वाजविनार म्हनं. लई मोठी हाय. परदेशात जाती. तिच्या आधी नवी पोरं वाजविनार. तिला ज्याचं आवडंल त्याचं गानं ती बाहेर काढनार."

"बाहेर काढनार म्हंजी?"

"म्हंजी जगात," बन्सी म्हणाला. त्यालाही पुढचं माहीत नव्हतं.

स्टेज म्हणजे एक मोठं टेबल होतं. त्यावर बटणांच्या पेट्या आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. माईकवाल्या मुलानं सांगितलं की आज हाउस, इलेक्ट्रॉनिक, सोल अशा तऱ्हांची गाणी आहेत; आधी नवे कलाकार, मग जुनेजाणते. श्रीरामपूरचा एक केस रंगवलेला मुलगा वाजवून गेला. त्यानंतर एक मुलगी डोळे मिटून गायली. शब्द इंग्रजी होते, पण तिला कशाचं तरी दुःख होतं एवढं अजीजभाईंना कळलं. ते खाली वाकून शेवटच्या गाद्यांना पांढऱ्या खोळी चढवत होते. खोळ चढवताना त्यांचं लक्ष दुसरीकडे जात नसे. कोपरा नीट बसला नाही तर सगळी गादी तिरकी दिसते.

आणि मग त्यांना त्यांचं मशीन ऐकू आलं.

सर्र-धक. सर्र-धक. सर्र-धक.

त्यांना आधी वाटलं, कोणीतरी कारखान्यात शिरून मशीन चालू केलंय. कारखाना तिकडे दूर कोल्हारला, आपण इकडे बागेत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे आंब्याचं झाड होतं.

हजार मशीनांत त्यांनी आपलं मशीन ओळखलं असतं. त्याच्या पट्ट्याला एके ठिकाणी जोड होता. पट्टा फिरायचा आणि तो जोड चाकावरून गेला की धक व्हायचं. तो पट्टा बदलायचा त्यांनी किती वेळा ठरवलं होतं, आणि दर वेळी बिबीजान म्हणायची, "नका बदलू. चालतंय की." बाई काटकसरी आहे, असं त्यांना वाटायचं.

पोरंपोरी उठून नाचायला लागली होती. सर्र-धक, सर्र-धक. त्याच्यावर दुसरे कसकसले आवाज चढत गेले. मग एक बाई गायला लागली.

*कोल्हारच्या पुलावरी वारं सुटलं गं,*
*अजीजमियाँच्या टोपीचं नशीब फुटलं गं.*

अजीजभाईंचा हात खोळीतच राहिला.

*टोपी पुढं, मियाँ मागं, नदी हसती गं,*
*नवी नवरी सायकल धरून उभी असती गं.*
*टोपी न्हाई घावली, मग काय घावलं गं...*

आणि मशीन थांबलं. सगळं थांबलं. नाचणारी पोरंसुद्धा हात वर करून थांबली, जणू त्यांना माहीतच होतं. त्या शांततेत स्पीकरमधून एका माणसाचा आवाज आला.

"काय गं?"

तो अजीजभाईंचा आवाज होता. आणि त्याच्यामागून, अगदी जवळून, बिबीजान म्हणाली,

"कुटं काय."

सर्र-धक. मशीन पुन्हा सुरू झालं आणि सगळी बाग ओरडली.

गाणाऱ्या बाईचा आवाज अजीजभाईंनी ओळखला नव्हता. कसा ओळखणार? बिबीजान गाते हेच त्यांना माहीत नव्हतं. पण 'कुटं काय' हे दोन शब्द त्यांनी रोज ऐकले होते. तिला पुरून आल्यानंतरच्या दिवसांत तिचा आवाज त्यांच्या डोक्यातून हळूहळू पुसला गेला. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोचा आवाज विसरलो, असं माणूस कोणत्या तोंडानं सांगणार? आणि आता तो आवाज माणसाच्या उंचीच्या स्पीकरमधून येत होता आणि अनोळखी पोरं त्यावर उड्या मारत होती.

"काय गं?" "कुटं काय." "काय गं?" "कुटं काय."

पुन्हा पुन्हा तेच. आता निम्मी पोरं 'काय गं' ओरडत होती आणि निम्म्या पोरी 'कुटं काय'.

"भाई," बन्सी जवळ येऊन म्हणाला. त्याच्या तोंडाचा आ झाला होता. "भाई, ह्याच्यात तुमी बोलताय का?"

 अजीजभाई खोळ तशीच टाकून उठले आणि गर्दीतून चालू लागले. कोणाच्या पायावर पाय पडला, कोणाचं कोपर लागलं, त्यांना कळलं नाही. स्टेजपाशी पोचल्यावर त्यांनी वर पाहिलं. टेबलामागे कानाला हेडफोन लावून मुबश्शिरा उभी होती.

मुबश्शिरा म्हणजे बिबीजानच्या मिरजगावच्या बहिणीची मुलगी. लहानपणी तिची प्रत्येक सुट्टी कोल्हारच्या कापसात गेली. आता ती पुण्याला कॉम्प्युटरचं काम करते, असं सगळ्यांना माहीत होतं. ती वर बघून हसत होती. खाली अजीजभाई दिसले आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

"बंद कर," अजीजभाई म्हणाले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही.

आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस. आवाज बंद करायचा म्हणजे खटका पाडायचा, एवढं त्यांना कळत होतं. ते स्टेजच्या मागे गेले. तिथे विजेचा बोर्ड होता. त्यांनी त्यावरचा सगळ्यांत मोठा खटका पाडला.

सगळी बाग गप्प झाली. पाखरं ऐकू यायला लागली. पोरांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे. गर्दीतून कोणीतरी जोरात ओरडलं, "काय गं?"

आणि चारी बाजूंनी उत्तर आलं, "कुटं काय!"

अजीजभाईंनी दोन्ही हातांनी कान झाकले.

*

स्टेजच्या मागे कनातीत त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. माईकवाला मुलगा चिडून काहीतरी बोलायला आला होता, त्याला एका बाईनं हातानंच बाहेर घालवलं. बाईंचे केस आखूड आणि निम्मे पांढरे होते, अंगात साधा कुर्ता होता. ह्याच रुपालीबाई, हे अजीजभाईंना मागाहून कळलं.

"कोण आहेत हे?" त्यांनी मुबश्शिराला विचारलं.

"माझे खालू. मावशीचे मिस्टर."

"आणि तो आवाज?"

मुबश्शिरा खाली बघत म्हणाली, "खालाचा. माझ्या मावशीचा."

"मला तू म्हणाली होतीस की जुनं रेकॉर्डिंग आहे, बाई कोण ते माहीत नाही."

"ताई, तुम्ही विचारलंत तेव्हा... खाला जाऊन थोडेच दिवस झाले होते. मला तिचं नाव घेता येईना."

 रुपालीबाई खुर्ची ओढून अजीजभाईंच्या समोर बसल्या.

"काका, मी वीस-बावीस वर्षं हेच काम करतेय. ठोके कोणालाही लावता येतात, कॉम्प्युटर लावून देतो. पण तसा आवाज मागून मिळत नाही. हिचं गाणं मी पुढच्या महिन्यात बाहेर काढणार होते. हिचं पहिलं गाणं. पण तुमचा होकार नसेल तर नाही काढणार. हे मी हिच्यादेखत सांगते."

"पुसून टाका," अजीजभाई म्हणाले.

"खालू..."

"पुसून टाक म्हनलं ना! पडद्याच्या भाईर कदी मोठ्यानं बोलली न्हाई ती बाई. गिऱ्हाईक आलं तर आतनं भांडं वाजवायची, हाक न्हाई मारायची. अन तिचं गानं तू ह्या समद्या पोरांपुढं लावतीस? माजं नाव घेऊन?" त्यांचा आवाज चिरकला. "माजं नाव तिनं कदी तोंडातनं काढलं न्हाई. कदीच न्हाई."

"गाण्यात काढायची," मुबश्शिरा हळूच म्हणाली.

 बाहेर पुन्हा वीज आली होती आणि दुसरं कोणाचं तरी गाणं सुरू झालं होतं.

"दोन दिवसांत कळव," रुपालीबाई मुबश्शिराला म्हणाल्या आणि उठल्या. त्या कनातीच्या दाराशी पोचल्या तेव्हा अजीजभाईंनी एकदम विचारलं, "त्याच्यात फुडं काय हाय?"

"कशाच्या पुढं, काका?"

"टोपी न्हाई घावली, मग काय घावलं. त्याच्या फुडं."

रुपालीबाईंनी मुबश्शिराकडे पाहिलं.

"पुढं काही न्हाई, खालू," मुबश्शिरा म्हणाली. "तिथं तुमी मशीन बंद केलंत."

*

परतीच्या वाटेवर मुबश्शिरा टेम्पोत पुढेच बसली, बन्सी आणि अजीजभाईंच्या मधे. राहुरी आली. मग बन्सीला राहवेना.

"ताई, एक इचारू का? असं टोपीवर गानं असतंय?"

"बन्सी, रस्ता बघ," अजीजभाई म्हणाले.

टोपीची गोष्ट खरी होती. लग्नानंतर पहिल्यांदा बिबीजानला घेऊन ते कोल्हारला येत होते. ती सायकलच्या कॅरिअरवर बसलेली. पुलावर वाऱ्यानं त्यांची नवी टोपी उडाली आणि प्रवरेत पडली. नव्या नवरीसमोर बोडक्यानं घरात कसं शिरायचं, म्हणून ते काठावरून धावत खाली गेले, पाण्यात उतरले, घसरले, छातीपर्यंत भिजले. टोपी पुढे पुढे जात राहिली. शेवटी ते तसेच वर आले. बिबीजान सायकल धरून उभी होती, चेहऱ्यावर पदर. ती हसली नाही. एक शब्दही बोलली नाही. तिचा हा चांगुलपणा अजीजभाईंनी आजवर मनात जपून ठेवला होता.

"तू तिला फशिवलंस का?" त्यांनी एकदम विचारलं. "तिला न सांगता घेतलंस?"

"न्हाई. तिच्या समोर फोन ठेवला हुता. मला मशीनचा आवाज पायजे हुता, खालू. पुण्यात सगळे तेच ते ठोके लावतात. मला वाटलं, आपल्या मशीनचा घ्यावा. मी कापसावर पडले हुते, खाला गादीला टाके घालत हुती. तुमी मशीन चालू केलंत अन ती गायला लागली. न्हेमीसारखीच."

"न्हेमीसारखी म्हंजी?"

मुबश्शिरानं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं की ह्या माणसाला खरोखरच काही माहीत नाही.

"मशीन चालू झालं की गायची. बंद झालं की गप्प. मी ल्हान हुते तवापासून. मी एकदा इचारलंही, खाला, तू खालूंना का म्हणून दाखवत न्हाईस? तर म्हनली, त्यांना ऐकू जात न्हाई म्हणून तर गाते."

"अन फोन?"

"म्हनली, मशीनचा आवाज घे, माजा कशाला घेतीस. अन फोन उचलून तिनंच जवळ ओढला."

अजीजभाई काचेतून बाहेर बघत राहिले. त्यांना आठवत होतं ते वेगळंच. मशीन चालू असताना मधेच त्यांना कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. स्वतःचं नाव ऐकू आल्यासारखं. ते हातातलं काम थांबवून खटका पाडायचे आणि पडद्याकडे तोंड करून विचारायचे, "काय गं?" आतून उत्तर यायचं, "कुटं काय." मशीनच्या कलकलाटानं कान वाजत असतील, असं समजून ते पुन्हा खटका चालू करायचे. पिंजाऱ्याचे कान लवकर जातात, असं त्यांचे वालिद म्हणायचे.

कान नव्हते वाजत.

"टेम्पो थांबव," ते बन्सीला म्हणाले. उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, बराच वेळ. बन्सी उतरायला लागला तशी मुबश्शिरानं त्याची बाही धरली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अजीजभाईंनी लंकाबाईला बोलावलं. लंकाबाई मागच्या गल्लीतली. बिबीजानबरोबर गाद्यांना टाके घालण्यात तिची हयात गेली. पडद्यामागे दोघी समोरासमोर बसायच्या, मधे गादी. कारखान्यातलं टाक्यांचं काम थांबल्यापासून ती फारशी इकडे फिरकत नव्हती. आली ती नातवाचं स्वेटर विणतच आली. मुबश्शिराला बघून तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"वैनी," अजीजभाई म्हणाले, "एक इचारायचं हाय. खरं सांगायचं. टोपी न्हाई घावली, मग काय घावलं?"

लंकाबाईच्या हातातली सुई खाली पडली.

"या बया! तुमाला कुनी सांगितलं?"

"म्हंजी तुमाला म्हाईत हाय."

"मला?" लंकाबाईनं तोंडाला पदर लावला, पण आतून हसू फुटतच होतं. "आवो भाई, ह्या कोल्हारात कुन्या बाईला म्हाईत न्हाई, ते इचारा. शादी असू दे, हळद असू दे, बिबीजाननं टोपीचं म्हनल्याबगर बाया उठतच नव्हत्या."

अजीजभाई मशीनला टेकून उभे राहिले. बाजारात भाजीवाल्या बायका त्यांना बघून पदराआड हसायच्या. गिरणीत दळण द्यायला गेलं की बायका बाजूला होऊन त्यांना पुढं जाऊ द्यायच्या आणि त्यांच्या डोक्याकडे बघायच्या. लोक आपल्याला मान देतात, असं त्यांना वाटत आलं होतं.

"एवढी वर्सं?" ते म्हणाले.

"मंग! तुमी पट्टा बदलाया निगाला का तिच्या पोटात गोळा यायचा. मला म्हनायची, लंके, पट्टा बदलला तर ठेका जाईल माजा. ढोलकी वाजवाया कोन बसलंय हितं?"

'नका बदलू. चालतंय की.' अजीजभाईंचा हात आपोआप पट्ट्याच्या जोडावर गेला.

"लंकामावशी, शेवटची ओळ सांगा ना," मुबश्शिरा म्हणाली. "रेकॉर्डिंगमधे तेवढीच राहिलीय. खालूंना ती हवीय." मग ती थोडं थांबून म्हणाली, "त्यांना ती मिळाली तर बघू, पुसायचं का ठेवायचं."

"कंची वळ?"

"टोपी न्हाई घावली, मग काय घावलं गं, त्याच्या फुडची," अजीजभाई म्हणाले.

लंकाबाई विचारात पडली. "तसली वळ न्हाई भाई."

"न्हाई कशी? सवाल केला म्हंजी जवाब असंलच की."

"असायचा ना. पर रोज दुसरा. आदल्या दिशी तुमी काय केलं असंल ते लावायची. तुमी नासकी मेथी आनली हुती, तर दुसऱ्या दिशी 'नासकी मेथी घावली गं.' तुमी बन्सीसंगं भांडून आला, तर 'फुटकं थोबाड घावलं गं.' एकदा तुमी आजारी हुता, मशीन लई दिसांनी चालू झालं. तवा..." लंकाबाई थांबली.

"तवा काय?"

"न्हाई सांगनार. ते बायांचं हाय."

मुबश्शिरा खाली मान घालून हसत होती, आणि रडतही होती.

"अन त्या दिशी? हिनं फोन ठेवला हुता त्या दिशी?"

"मला काय ठावं! दिवाळीच्या सुट्टीत ही आली का मी आमच्या लेकीकडं जाती," लंकाबाई म्हणाली. "अन मशीन न्हेमीवानी तुमीच बंद केलं असंल ना? ती काय म्हननार हुती ते तिच्या मनातच ऱ्हायलं."

 रस्त्यावरून मनमाडकडे जाणारे ट्रक जात होते आणि पत्रे हादरत होते. मग अजीजभाई म्हणाले, "वैनी, तुमी म्हना एकदा. पुरं."

"मी?"

"तुमाला येतंय ना?"

"येतंय तर! पर गड्यापुढं म्हनत्यात व्हय असलं? काय तरीच." लंकाबाईनं खाली पडलेली सुई उचलली. उठून पडद्यापाशी गेली. मग वळून म्हणाली, "तिनं मशीन बंद असताना कदी म्हनलं न्हाई. मी बी न्हाई म्हननार."

अजीजभाईंनी मशीनकडे पाहिलं. त्याच्यावर धूळ बसली होती, जाळी धरली होती. मागच्या थंडीपासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता. त्यांनी फडकं घेतलं आणि आधी रूळ पुसला, मग चाक. तेलाचा डबा शोधला. कोणी घाई केली नाही. पडद्याच्या पलीकडे दोघी जणी रिकाम्या जमिनीवर समोरासमोर बसल्या, मधे एक जुनी गादी ओढून घेतली. पट्टा जरा ढिला झाला होता. तो ताणून त्यांनी चाकावर चढवला. जोड तसाच होता, त्याचे टाकेही शाबूत होते.

त्यांनी खटका चालू केला.

मशीन आधी कुरकुरलं. मग फिरलं. सर्र-धक. सर्र-धक. घालायला कापूस नव्हता, रिकामा रूळच फिरत होता आणि जुना फुफाटा उडत होता. पत्रे थरथरायला लागले. अजीजभाई आपल्या नेहमीच्या जागी, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. नुसतं मशीन. त्यांनी कान देऊन पाहिलं. नुसतं मशीन.

आणि मग, कुठूनतरी, हाक मारल्यासारखं वाटलं. स्वतःचं नाव ऐकल्यासारखं.

त्यांचा हात त्यांच्या नकळत खटक्यावर गेला. मशीन थांबलं. पट्टा दोनदा हलून गप्प झाला. आणि त्यांच्या तोंडून, लंकाबाईला ज्या शब्दानं त्यांनी आयुष्यात कधी हाक मारली नव्हती, तो शब्द निघून गेला.

"काय गं?"

 पडद्यामागून एक जाडा आवाज आणि एक कोवळा आवाज एकदमच म्हणाले,

"कुटं काय!"

आणि पुढे हसण्याचा फवारा उडाला. लंकाबाईचं हसणं मधेच तुटलं आणि तिनं नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.

अजीजभाई पडद्याकडे बघत उभे होते. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. तोंडावर फुफाटा होता आणि तो ओला झाला होता.

"मुबश्शिरा," ते जरा वेळानं म्हणाले. "त्या पुन्याच्या बाईला फोन लाव. गानं काढा म्हनावं. तिचं नाव लिवा त्याच्यावर. बिबीजान, कोल्हार. अन मशीन काढायचं न्हाई त्यातनं, येवढं सांग."

"अन शेवटची ओळ, खालू? गाणं अर्धं राहील."

"ऱ्हाऊ दे," अजीजभाई म्हणाले. "मीच बंद केलं हुतं."

त्यांनी पुन्हा खटका चालू केला. पट्टा फिरायला लागला. पडद्याच्या आड पुन्हा काहीतरी सुरू झालं असावं, कारण पडदा एकदा हलला. काय ते त्यांना ऐकू आलं नाही.